बेडूक करायचं की सुधारायचं? ऑनलाइन गेममधल्या शिक्षेचा थोडा इतिहास

1986 साली अमेरिकेत काही माणसांपुढे एक विचित्र प्रश्न मतदानाला ठेवला गेला: खेळात दुसऱ्याला मारून त्याच्या वस्तू पळवणं हा गुन्हा आहे की खेळाचाच भाग? खेळाचं नाव 'हॅबिटॅट'. लुकासफिल्म गेम्सने तो बनवला होता आणि कमोडोर 64 या घरगुती कॉम्प्युटरवर, टेलिफोनच्या लाइनवरून तो खेळला जायचा. चित्रं असलेलं आणि बरीच माणसं एकाच वेळी वावरतात असं जग त्याआधी जवळपास कोणी बघितलंच नव्हतं. (पडद्यावरच्या आपल्या बाहुलीला 'अवतार' म्हणायची पद्धतही बऱ्याच अंशी इथूनच रुळली. आपलाच शब्द फिरून आपल्याकडे आला, पण ते असो.)

या जगात मेलं म्हणजे कायमचं मेलं असं नव्हतं. अवतार स्वतःच्या घरी परत जायचा, स्वतःचं डोकं हातात धरून आणि रिकाम्या खिशांनी. हातातली वस्तू मात्र जिथे मेला तिथेच पडून राहायची. लगेच काही खेळाडूंनी हाच धंदा सुरू केला. बाकीचे भडकले. खेळ बनवणारे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी याबद्दल नंतर एक निबंध लिहिला, तो आमच्या विषयात आजही पहिल्या आठवड्यात वाचायला देतात. त्यात ते सांगतात की मतदानाचा निकाल निम्मा-निम्मा लागला. अर्धे म्हणाले हा खून आहे, अर्धे म्हणाले गंमत आहे. मग तडजोड झाली: गावाच्या हद्दीत शस्त्रं आणि चोरी बंद, बाहेर रानात चालू. प्रत्यक्ष आयुष्यात ग्रीक ऑर्थोडॉक्स पाद्री असलेल्या एका खेळाडूने तर खेळात चर्च काढलं आणि त्याच्या अनुयायांना शस्त्र बाळगायला बंदी केली. नंतर शेरीफही निवडला गेला. मग शेरीफला नेमके अधिकार कोणते, यावर पुन्हा वाद.

माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण या मतदानापासून सुरू होतं. कारण त्या वादात जे प्रश्न आले, तेच पुढची पस्तीस वर्षं कपडे बदलून येत राहिले. खेळात त्रास देणाऱ्याला शिक्षा कोणी करायची? खेळ बनवणाऱ्याने, खेळणाऱ्यांनी की यंत्राने? आणि त्याहून अवघड म्हणजे, शिक्षा कशासाठी? त्याला बाहेर काढण्यासाठी, की तो पुन्हा आपल्यात नीट खेळावा म्हणून? सुधारणेचा विचार या इतिहासात फार उशिरा येतो. आधी बराच काळ फक्त हद्दपारी होती.

हद्दपारीची भाषाही मजेशीर आहे. अक्षरांवरच चालणाऱ्या जुन्या खेळांना 'मड' म्हणत. पहिला मड 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी लिहायला घेतला. या खेळांत सगळे अधिकार असलेल्यांना 'विझर्ड', म्हणजे जादूगार म्हणायचे. मग जादूगाराने शिक्षा करायची तर कशी? तर समोरच्याला बेडूक करून. त्यावरून 'टोडिंग' हा शब्द आला. पुढे काही ठिकाणी तो नुसता गमतीचा राहिला नाही. पात्र कायमचं पुसून टाकणं असा त्याचा अर्थ झाला. थोडक्यात, फाशी.

या फाशीची सगळ्यात गाजलेली घटना 1993 सालची, 'लॅम्बडामू'मधली. हेही अक्षरांचंच जग. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत पॅव्हेल कर्टिस हे संशोधक ते चालवायचे. तिथे एक मोठं घर होतं, त्याचा दिवाणखाना होता, लोक येऊन गप्पा मारायचे. मार्चमधल्या एका रात्री 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एक छोटा प्रोग्रॅम वापरून इतरांच्या पात्रांचा ताबा घेतला आणि सगळ्यांसमोर, त्यांच्या नावाने, लैंगिक हिंसेची वर्णनं पडद्यावर उमटवली. ज्यांची पात्रं होती ती माणसं आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसून ते वाचत होती. थांबवता येत नव्हतं.

ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये याबद्दल सविस्तर लिहिलं, म्हणून ही गोष्ट जगाला माहीत झाली. ती बहुतेक वेळा 'आभासी अत्याचार खरा असतो का' या प्रश्नासाठी सांगितली जाते. माझं लक्ष मात्र त्यानंतरच्या दिवसांकडे जातं. त्रास झालेल्यांपैकी 'लेग्बा' या पात्रामागच्या बाईने सगळ्यांसमोर लिहिलं आणि बंगलला बेडूक करा अशी मागणी केली. पण करणार कोण? तीनेक महिन्यांपूर्वीच कर्टिस आणि इतर जादूगारांनी जाहीर केलं होतं की आम्ही आता फक्त तांत्रिक काम बघणार, तुमची भांडणं तुम्ही सोडवा. राजा सिंहासनावरून उतरला होता आणि प्रजेने अजून पंचायत नेमली नव्हती.

मग सभा भरली. तीसेक पात्रं एका खोलीत जमली, तासन्‌तास वाद झाला. कोणी म्हणालं कायदाच नाही तर शिक्षा कसली. कोणी म्हणालं जे घडलं ते बघता कायद्याची वाट बघायची गरज नाही. मध्येच स्वतः बंगल तिथे आला आणि लोकांनी त्याला तोंडावर विचारलं की तू हे का केलंस. उत्तर उडवाउडवीचं होतं. सभा निर्णयाशिवाय उठली. त्यानंतर एका जादूगाराने, एकट्याने, कोणाला न विचारता आज्ञा टाइप केली आणि मिस्टर बंगल पुसला गेला.

कर्टिस प्रवासात होते. परत आल्यावर त्यांनी अर्ज आणि मतदानाची रीतसर यंत्रणा उभी केली. पुढे लवादही आले. काही काळाने बंगलमागचा माणूस नव्या खात्यावरून, 'डॉक्टर जेस्ट' या नावाने परत आला. म्हणजे फाशी झाली, पण मेलं कोणीच नाही. 1996 मध्ये जादूगारांनी जाहीर केलं की फक्त तांत्रिक काम बघण्याचा आमचा निर्णय पेलवला नाही, अधिकार आम्ही परत घेतोय.

लोकशाही फसली, एवढाच धडा यातून काढतात. मला तो अर्धवट वाटतो. त्या सभेत तीन गोष्टी होत्या, ज्या पुढे कुठल्याच मोठ्या खेळात एकत्र दिसत नाहीत. त्रास झालेली व्यक्ती स्वतः बोलली. आरोपी समोर होता. आणि न्याय करणाऱ्यांना दोघेही माहीत होते. गाव लहान होतं म्हणून हे जमलं, हे खरं. पण जमलं होतं.

गाव मोठं झालं की काय होतं, ते 1997 च्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये दिसतं. काही महिन्यांत लाखभर खेळाडू. त्यात कोणीही कोणालाही मारू शकत होतं. खेळ बाजारात येण्याच्या आधी, चाचणीच्या काळात, खुद्द निर्माते रिचर्ड गॅरियट यांचंच 'लॉर्ड ब्रिटिश' हे राजाचं पात्र एका खेळाडूने सगळ्यांसमोर मारलं! इथे शिक्षेचं काम माणसांकडून काढून नियमांकडे दिलं गेलं. खून केलेत की नाव लाल, सज्जन असाल तर निळं. लाल दिसला की कोणीही त्याला मारावं. कल्पना चांगली, पण खेळाडूंनी लगेच निळं राहून त्रास द्यायच्या युक्त्या शोधल्या. रंग मोजदाद करत होता, हेतू नाही. शेवटी 2000 साली कंपनीने जगाची दुसरी प्रतच काढली. तिथे तुमच्या संमतीशिवाय तुमच्यावर कोणी हल्ला करू शकत नव्हतं. बहुतेक लोक तिकडे राहायला गेले. हॅबिटॅटमधली गाव आणि रान ही तडजोडच पुन्हा आली, फक्त चौदा वर्षांनी आणि फार मोठ्या खर्चाने.

आता येतो मुख्य मुद्द्याकडे, कारण 'सुधारणा' हा शब्द इथे पहिल्यांदा गंभीरपणे येतो.

'लीग ऑफ लेजेंड्स' हा गेम 2009 मध्ये आला. पाच विरुद्ध पाच, साधारण अर्ध्या-पाऊण तासाचा डाव. आणि बहुतेक वेळा तुमच्या टीममधले चार जण तुम्हाला पूर्ण अनोळखी. डाव सुरू झाला की मध्येच उठून जाता येत नाही. गेलात तर शिक्षा तुम्हालाच. म्हणजे लोकलच्या डब्यात चार अनोळखी माणसांबरोबर तुम्हाला कोंडलंय, पुढचं स्टेशन चाळीस मिनिटांवर आहे, आणि तुमच्या एका चुकीमुळे पाचही जण हरणार आहेत. भांडण होणार नाही तर काय! रायट गेम्स या कंपनीने 2014 च्या सुरुवातीला महिन्याला 6 कोटी 70 लाख खेळाडू असल्याचं सांगितलं. एवढ्या गावाची सभा कुठल्या खोलीत भरवणार?

रायटचं उत्तर होतं 'ट्रायब्युनल'. मे 2011 मध्ये ते सुरू झालं. एखाद्याबद्दल पुरेशा तक्रारी आल्या की त्याचं प्रकरण तयार व्हायचं: त्या डावांतलं चॅट, त्याची कामगिरी, तक्रार करणाऱ्यांनी काय लिहिलंय ते. ठरावीक पातळी गाठलेला कुठलाही खेळाडू वेबसाइटवर जाऊन हे वाचायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचा, शिक्षा किंवा माफी. सुरुवातीला बहुमताच्या बाजूने मत पडलं तर मत देणाऱ्याला खेळातले थोडे गुणही मिळायचे. आता विचार करा, पंचांना निकाल बहुमताशी जुळला तर बक्षीस! न वाचता 'शिक्षा' दाबत सुटायचा मोह होणारच. पुढे हे बक्षीस काढून टाकलं.

तरीही ट्रायब्युनल थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. दोनेक वर्षांत दहा कोटींच्या आसपास मतं पडली. कंपनीच्या माणसांनी काही प्रकरणं स्वतः तपासली, तेव्हा जवळपास 80 टक्के वेळा त्यांचं आणि खेळाडूंचं मत जुळलं. जेरेमी ब्लॅकबर्न आणि हेवून क्वाक या संशोधकांनी 2014 मध्ये याच प्रकरणांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला: एक कोटीहून जास्त तक्रारी, 14 लाख 60 हजार आरोपी खेळाडू. लोक काय निकाल देतील याचा अंदाज यंत्राला बांधता येईल का, हे ते बघत होते. बऱ्याच प्रमाणात येतो, असं निघालं. या निष्कर्षाकडे परत येऊ.

2012 च्या सुमारास रायटमध्ये खेळाडूंच्या वर्तनावर काम करणारा एक गट तयार झाला. त्याचे प्रमुख जेफ्री लिन, मेंदू आणि आकलन या विषयातले पीएचडी. गेम कंपनीने शिक्षा ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ ठेवणं हे नवीन होतं. त्यांना आकड्यांत जे दिसलं त्याने सगळ्यांचाच समज हलला. आपल्याला वाटतं की मूठभर नासके आंबे असतात, ते काढले की पेटी साफ. तर नेहमीच त्रास देणारे खेळाडू होते साधारण 1 टक्का, पण एकूण त्रासातला त्यांचा वाटा 5 टक्क्यांच्या आसपासच. 77 टक्के त्रास यायचा एरवी बरं वागणाऱ्या माणसांकडून. कोणाचा दिवस वाईट गेला, कोणी लागोपाठ तीन डाव हरला, कोणाला आधीच्या डावात शिव्या पडल्या आणि त्याने त्या पुढच्या डावात दुसऱ्याला दिल्या.

हे एकदा मान्य केलं की हद्दपारीचा पायाच जातो. तुम्ही 1 टक्क्याला बेडूक कराल, उरलेल्यांचं काय? त्यांना तर ठेवायचंय, ते गिऱ्हाईक आहेत. (कंपनीला सुधारणेची ओढ लागण्यामागे हा हिशेब होता, यात मला शंका नाही. त्याने सुधारणेचा विचार खोटा ठरत नाही, एवढंच.)

मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली अगदी साधी. विरुद्ध टीमशी बोलायचं चॅट आपोआप चालू असायचं, ते आपोआप बंद ठेवलं. हवं असेल तर एक क्लिक करून चालू करा. बंदी नाही, फक्त एक उंबरठा. आठवडाभरात वाईट चॅट तीसेक टक्क्यांनी घटलं, चांगलं चॅट तेवढंच वाढलं, आणि एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे लोकांनी चॅट सोडलं नाही, बोलण्याआधी फक्त एक क्षण जास्त गेला.

दुसरी गोष्ट माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची. नुसतं 'तुमच्या वर्तनामुळे तुमच्यावर कारवाई झाली' असं कळवलेल्या खेळाडूंपैकी निम्मे पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा शिक्षेपर्यंत आले नाहीत. मग त्यांना एक कागद पाठवायला लागले. त्याचं नावच 'रिफॉर्म कार्ड'. त्यावर पंचांचा निकाल आणि त्याने स्वतः लिहिलेलं चॅट, जसंच्या तसं. निम्म्याचा आकडा दोन-तृतीयांशाजवळ गेला. शिक्षा तीच होती. फक्त आपण काय बोललो ते वाचायला लागलं.

हे का होत असेल, हे आपल्याला अनुभवाने समजतं. भांडणात आपण काय बोललो ते आपल्याला कधीच नीट आठवत नाही. समोरचा काय बोलला ते मात्र अक्षरन्‌अक्षर आठवतं. बंदी आल्यावर बरेच खेळाडू आधी कंपनीवर चिडायचे, मला काही कारण नसताना काढलं म्हणून. कागद आला की ते कारण त्यांच्याच शब्दांत समोर असायचं.

गाजलेला खेळाडू म्हणून क्रिस्चन रिवेरा यांचं उदाहरण द्यायला हवं. 'आय-विल-डॉमिनेट' या नावाने ते व्यावसायिक टीममध्ये खेळायचे. डिसेंबर 2012 मध्ये रायटने त्यांना एक वर्षासाठी व्यावसायिक स्पर्धांतून काढलं. म्हणजे रोजीरोटीच बंद. ते वर्षभराने परतले आणि पुन्हा वरच्या पातळीवर खेळले. या प्रकरणात 'कागद' पुरला नव्हता, आधी अनेक इशारे होऊन गेले होते. तेव्हा सुधारणेची बाजू मांडताना हे लपवायला नको की काही वेळा पोटावर पाय आल्याशिवाय कागद वाचलाच जात नाही.

ट्रायब्युनल 2014 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं ते त्या रूपात परत उघडलंच नाही. मुख्य अडचण वेगाची होती. तक्रारी साठायच्या, प्रकरण तयार व्हायचं, मतं पडायची, तोवर माणूस मधल्या काळात कितीतरी डाव खेळून झालेला. लहान मुलाला आज केलेल्या खोडीबद्दल पुढच्या महिन्यात रागवण्यासारखं. 2015 मध्ये रायटने यंत्राकडून निकाल द्यायला सुरुवात केली: डाव संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कारवाई आणि सोबत चॅटचा पुरावा. त्या कोट्यवधी मतांचं मोलही इथे कळतं. माणसांनी दिलेले निकालच यंत्राच्या शिकवणीला उपयोगी पडू शकत होते, हे ब्लॅकबर्न आणि क्वाक यांनी दाखवून दिलंच होतं. पंचायतीने आपली जागा घेणाऱ्याला स्वतःच तयार केलं, म्हणा ना.

यंत्राचं काय चुकतं यावर वेगळं लिहायला हवं. भाषेचा प्रश्न तर आहेच. मुंबईतल्या पोराने रोमन लिपीत 'भेंडी' टाइप केलं तर ती शिवी आहे, हळहळ आहे की मित्राला मारलेली हाक, हे शब्दांच्या यादीवरून कोण सांगणार? भाजी तर नक्कीच नाही. आपल्यालाही ते वाक्य बघूनच कळतं.

पण माझं मोठं कोडं दुसरं आहे. रायटचे सुधारणेचे आकडे वाचताना 'सुधारला' म्हणजे काय, ते नीट बघावं लागतं. त्याचा अर्थ आहे, ठरावीक काळात त्याला पुन्हा शिक्षा झाली नाही. त्याचं मन बदललं असेल. तो फक्त सावध झाला असेल. त्याने नवीन खातं काढलं असेल, डॉक्टर जेस्टसारखं. मोजमापात हे तिन्ही एकच दिसतात. शिवाय हे आकडे कंपनीने आपल्याच माहितीवरून काढलेले; बाहेरच्या संशोधकाला ते मुळापासून पडताळून बघता येत नाहीत. मी ते खोटे म्हणत नाही. पण आमच्या विषयात हेच आकडे इतक्या सहजपणे फिरतात की ते कुठून आले, याची आठवण वारंवार करून द्यावी लागते.

आणि या सगळ्या यंत्रणेत जिला त्रास झाला ती व्यक्ती कुठे आहे? लॅम्बडामूमध्ये लेग्बा बोलली होती, तिची मागणी काय ती सगळ्यांनी ऐकली होती. ट्रायब्युनलमध्ये तिची भूमिका तक्रारीच्या रकान्यात एक ओळ लिहिण्यापुरती उरली. आरोपीलाही स्वतःची बाजू मांडायची सोय नव्हती. पंच दोघांनाही ओळखत नव्हते. नंतर यंत्र आलं, त्यात तर पंचही गेले. तक्रार करणाऱ्याला फार तर एक सूचना दिसते की कारवाई झाली. सुधारणेचा सगळा विचार करणाऱ्याभोवती फिरला. त्याला कागद पाठवला, त्याचे आकडे मोजले. ज्याला शिव्या पडल्या तो पुढच्या डावात कसा खेळला, त्याने खेळच सोडला का, याचं कार्ड कोणी काढलं नाही.

वाळीत टाकायचे नवे प्रकार दरम्यान इतरत्र सुरूच राहिले. 'मॅक्स पेन 3'मध्ये फसवणूक करणाऱ्यांना फक्त एकमेकांशीच खेळावं लागेल अशा वेगळ्या वर्तुळात टाकलं. 'जीटीए ऑनलाइन'मध्ये तर डोक्यावर गाढवपणाची उंच टोपी. 'काउंटर-स्ट्राइक'ने 2013 मध्ये अनुभवी खेळाडूंना संशयिताच्या खेळाचं रेकॉर्डिंग नाव लपवून दाखवायला सुरुवात केली, आणि फसवणुकीसारख्या गोष्टीसाठी ती पद्धत चांगली चालली. कारण तिथे प्रश्न 'हे घडलं का' असा असतो. अपमानाच्या बाबतीत घडलं ते चॅटमध्ये दिसतंच. वाद असतो तो त्याच्या अर्थाचा.

ऑक्टोबर 2021 मध्ये रायटने दोन्ही टीमना एकमेकांशी बोलता येणारं चॅट आणखी एकदा बंद केलं. या वेळी क्लिक करून चालू करायची सोयही ठेवली नाही. आपल्या टीमशी बोलायचं चॅट चालूच होतं, आणि नकाशावर खुणा करायची सोयही. त्यातली एक खूण म्हणजे पिवळं प्रश्नचिन्ह, समोरचा खेळाडू दिसेनासा झालाय हे कळवण्यासाठी दिलेलं. तुमच्या हातून चूक होऊन तुम्ही मेलात की अनेकदा टीममधलंच कोणीतरी त्या जागेवर हे चिन्ह लागोपाठ पाच-सहा वेळा टाकतं. त्यात एकही शब्द नसतो.